चोवीस अंशांची खोली

पडदा वर जातो तेव्हा समोर अंधार असतो आणि त्या अंधारात एक हिरवा आकडा तेवढा जळत असतो. मग डावीकडच्या खिडकीचा जाड पडदा कुणीतरी चार बोटं सरकवतं, सकाळचा उजेड आत शिरतो आणि खोली आपली ओळख करून देते. तळमजल्यावरची, दहा बाय बाराची. मधोमध लोखंडी पलंग. पलंगाच्या पायथ्याशी चाकांवर उभा असलेला तेलाचा हीटर, जेवायला थांबलेल्या जाड्या पाहुण्यासारखा. समोरच्या खिडकीत तावदान काढून बसवलेला जुना एसी. आणि उशीच्या उंचीवर, भिंतीला चार स्क्रूंनी आवळलेली करड्या रंगाची डबी. तिला चार बटणं आणि खाली दोन सॉकेट. एकात हीटरची पिन, दुसऱ्यात एसीची. हिरवा आकडा या डबीचा.

पलंगावर एक बाई आहे. तिची मान उशांमध्ये बसवलेली. डोळे, ओठ आणि थोडासा उजवा खांदा, एवढंच तिचं हलतं. स्टुलावर एक माणूस बसलाय, चष्मा कपाळावर, मांडीवर डबीबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक. पंधरा मिनिटं तो एकाच पानावर आहे.

"सावकाश वाचा," बाई म्हणते. "मी काही कुठे जात नाहीये."

त्या माणसाला सगळे गारठा म्हणायचे. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो एकतीस वर्षं मेकॅनिक होता. बाहेर माणसं घामाने निथळत असताना हा कानटोपी घालून उणे अठराच्या खोलीतून बाहेर यायचा, भुवयांवर हिमाची पांढरी भुकटी घेऊन, आणि समोर सापडेल त्याच्या मानेला गार हात लावायचा. त्याच्या विनोदाची धाव तेवढीच. बायको म्हणायची, लग्नात हातात हात दिला तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता जन्मभर स्वेटर घालून संसार करायचाय.

ती कपडे बेतणारी होती. शिवणाच्या कारखान्यात कापडाचे वीस थर एकावर एक रचून एका दमात कापायची. एक रेघ इकडची तिकडे नाही. जिभेलाही तीच धार. कारखान्यातले शिलाईवाले तिच्याकडे पाठ करून बसत नसत, काय सांगावं, मागून काय कापलं जाईल. तीन वर्षांपूर्वी खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना तिचा पाय चुकला. सात पायऱ्या. मानेचा मणका गेला आणि गळ्याखालचं सगळं शरीर परक्याचं झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गारठ्याला बाजूला घेऊन समजावलं होतं. हातपाय हलणार नाहीत हे तर दिसतंच आहे, पण न दिसणारी एक गोष्ट आहे. आता तिला घाम येणार नाही आणि थंडीने कापरंही भरणार नाही. खोली तापली की ती तापेल, खोली गार पडली की तीही गार पडेल. डोक्यातला थर्मोस्टॅट धड आहे, फक्त तिथून खाली जाणाऱ्या तारा तुटल्यात. डॉक्टरांनी हे अगदी जड मनाने सांगितलं, आणि गारठ्याच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा रंग आला. त्याला वाटलं, एवढंच ना? वायरिंग गेलंय. हे तर आपलं काम. आतून होत नसेल तर बाहेरून लावू.

बिचाऱ्याला मणक्यातलं काही कळत नव्हतं, पण थर्मोस्टॅटमधलं कळत होतं. बुडणारा माणूस पोहता येतं तेवढ्याच पाण्याकडे बघतो.

पहिली दोन वर्षं त्याने सगळं हाताने केलं. भिंतीवर काचेचा तापमापक, हातात बटण. आकडा चढला की एसी, उतरला की हीटर. स्वयंपाक करता करता, आंघोळीतून अर्धा ओला बाहेर येऊन, जेवणाचं ताट तसंच ठेवून. निवृत्त झाला तो जणू घरात दुसरी नोकरी धरायला. पण माणूस म्हणजे यंत्र नव्हे, डुलकी लागतेच. मागच्या उन्हाळ्यात दोनदा ती तापली होती. अडतीसच्या वर गेली, ओठ सुकले, असंबद्ध बोलायला लागली.

दुसऱ्या वेळी ताई आली. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. चार तासांच्या अंतरावरच्या शहरात एका शुश्रूषा केंद्रात तिने आयुष्यभर नोंदी ठेवण्याचं काम केलं होतं. बोलणंही नोंदवहीसारखं, तारीख, वेळ, काय झालं. तिने गारठ्याला शिव्या दिल्या नाहीत. उलट चहा करून त्याच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की केंद्रात महिला विभागात एक खाट मिळण्यासारखी आहे. तिथे वीज गेली तरी जनरेटर आहे, पाळीपाळीने नर्स आहेत. तिथे गेली तर नवऱ्याने रविवारी दोन तास येऊन भेटायचं. पुरुषांना राहता येत नाही. ती एकदा गेली की परत आणायची ओढाताण तिच्या अंगाला सोसणार नाही, हेही ताईने त्याच दमात सांगितलं.

निकाल दिला तो पलंगावरच्या बाईने. म्हणाली, मला या खोलीतच राहायचंय. इथून मला रस्त्यावरच्या चपला ऐकू येतात, कोण कुठे चाललंय ते कळतं. तिथे कुणाच्या चपला ओळखू? पण ताईचंही खोटं नाही. एक उन्हाळा बघू. निभावला तर मी इथे, नाही निभावला तर ताईबरोबर.

म्हणून ही डबी आली. तापमान बघून आपणहून हीटर आणि एसी चालू-बंद करणारा कंट्रोलर. कोल्ड स्टोरेजमध्ये त्याने असे पंचवीस तरी लावले असतील. पुस्तक वाचायची त्याला गरज नव्हती, तो नुसता आनंद लांबवत होता.

अशा डबीला चार-पाच गोष्टी सांगाव्या लागतात. खोली किती अंशांवर ठेवायची, हा मुख्य आकडा. मग सूट, म्हणजे त्या आकड्याच्या वर किती गेल्यावर एसी लावायचा आणि खाली किती गेल्यावर हीटर. आणि तिसरी, जाणकारच विचारतात अशी गोष्ट: एसी बंद झाला की त्याच्या कंप्रेसरला परत चालू करण्याआधी किती मिनिटं विश्रांती द्यायची. दम खाल्लेला नसताना कंप्रेसर पुन्हा जुंपला तर आतल्या दाबाविरुद्ध तो कण्हत उठतो, आणि असं रोज शंभरदा झालं की एक दिवस जळतो.

कामावर गारठा हे नव्या मेकॅनिकांना ओरडून शिकवायचा. सूट ऐसपैस ठेवा आणि मध्ये मोकळी जागा सोडा. सासू आणि सून एकाच वेळी स्वयंपाकघरात सोडल्या तर भांडी फुटणारच. विश्रांती पाच मिनिटं, एक सेकंद कमी नाही. बोल्ट नावाचा त्याचा एक हाताखालचा मेकॅनिक होता. आता तोही पंचेचाळिशीचा, दोन लेकींचा बाप. त्याने एकदा घाईत दोनच मिनिटं ठेवली म्हणून गारठ्याने त्याला सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं होतं.

त्या सकाळी गारठ्याने सगळं रीतसर लावलं. मुख्य आकडा चोवीस. वर एक अंश सूट, खाली एक अंश. विश्रांती पाच मिनिटं. सत्तावीसला भोंगा. सेन्सरची तार उशीपासून वीतभर लांब, वाऱ्याच्या झोतात येणार नाही अशी. बटण दाबून धरलं, आकडा तीनदा लुकलुकला आणि डबीने सगळं लक्षात ठेवलं. डबीत रिले म्हणून एक बारीक पट्टी असते, ती चिकटते-सुटते तेव्हा टक असा आवाज येतो. पहिलं टक झालं, एसी घुरघुरला, आणि गारठा स्टुलावरून उठला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो उन्हात जाऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिला.

इथेच तो थांबला असता तर गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण त्याने एक वही केली. दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा आणि शेजारी तिचा चेहरा. पंचवीस झाले की तिच्या गालांवर तांबूस डाग दिसायचे. तेवीसला नखं जांभळट. निदान त्याला तरी दिसायची. ती म्हणायची, मला गळ्याखाली काही कळत नाही आणि वर काही वाटत नाही, तुम्ही उगाच घराला रंग देणाऱ्यासारखे काय न्याहाळत बसता? त्याने हसण्यावारी नेलं आणि सूट एक अंशाची अर्धी केली. पंचवीसचा डाग साडेचोवीसला दिसायला लागला. अर्ध्याची त्याने पाव केली. मग दोन दशांश. त्याहून कमी डबी घेत नव्हती.

मग ती विश्रांतीची पाच मिनिटं त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. एसी दम खातोय, आणि तेवढ्यात आकडा चढतोय, चोवीस तीन, चोवीस पाच, सात. तो डबीसमोर उभा राहून मिनिटं मोजायचा. पाचाची तीन झाली, तिनाची एक. एका मंगळवारी दुपारी त्याने तिथे शून्य लावलं. लावताना त्याचा अंगठा बटणावर थोडा रेंगाळला एवढंच.

एकतीस वर्षं या माणसाने राखले होते बटाटे, फळं आणि लशींची खोकी. बटाट्याचा गाल अर्ध्या अंशाने लाल होत नाही.

आणि डबीने त्याचं ऐकलं. चोवीस म्हटलं की चोवीस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आकडा भिंतीला चिकटलेला. बायको म्हणाली, हा खरा आहे की चित्र काढून डकवलंय? ते तीन आठवडे त्या घरातले सुखाचे. ती दोन घास जास्त खायला लागली. त्याला शिवण शिकवायचं तिच्या मनात आलं. तो जमिनीवर फतकल मारून उशीचा अभ्रा बेतायचा आणि पलंगावरून हुकूम सुटायचे. डावीकडून काप. तुमचं डावं. देवा, याच हातांनी तुम्ही कंप्रेसर उघडत होता? शेवटी जो अभ्रा झाला त्यात उशी जाईना, तेव्हा ती इतकी हसली की खोकला थांबवायला त्याला तिची छाती दाबून धरावी लागली.

पण खोलीत दुसरंही काही चाललं होतं. एसी दोन मिनिटं चालायचा, खोली किंचित जास्त गार व्हायची. लगेच हीटर पेटायचा. तेलाचा हीटर बंद झाला तरी त्याच्या अंगातली ऊब जात नाही, ती आकडा वर ढकलायची. लगेच एसी. भर उन्हाळ्यात त्या खोलीत हीटर आणि एसी दिवसभर एकमेकांच्या उरावर बसत होते, आणि मधोमध आकडा मात्र एखाद्या साधूसारखा स्वस्थ. कंप्रेसर उठताना कण्हायचा. ज्या कानाने गारठ्याने शंभर फूट अंतरावरून बेअरिंग गेलेलं ओळखलं होतं, त्याच कानाशेजारी हे चाललं होतं.

बोल्ट एकदा आंबे घेऊन आला. दारातच थांबला, मान तिरकी करून ऐकलं.

"उस्ताद, विश्रांती किती ठेवलीय?"

"पाच," गारठा म्हणाला.

बोल्टने डबीकडे बघितलं, उस्तादाकडे बघितलं, आणि आंबे कुठे ठेवू म्हणून विचारलं. गुरूचं खोटं पकडायला शिष्याला जी हिंमत लागते, ती त्याच्याकडे नव्हती. चांगली माणसं अशा वेळी चांगुलपणानेच घात करतात.

कंप्रेसर जळाला तो एका शुक्रवारी, दुपारी दीड वाजता. बाहेरच्या रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. गारठा स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज गाळत होता. आतून गुरगुर आली, मग टक, शांतता. पुन्हा गुरगुर, टक. तिसऱ्यांदा गुरगुर लांबली आणि तारेवरचं वॉर्निश जळाल्याचा गोडसर वास आला. त्याच्या धंद्यात हा वास म्हणजे घरातून प्रेत उठल्याचा वास. हातातली गाळणी त्याने ओट्यावर नीट ठेवली, कारण आता पळून उपयोग नाही हे त्याला कळलं होतं.

आकडा चोवीस सात होता. मग पंचवीस. सव्वीस. सत्तावीसला भोंगा वाजला तो त्याने बंद केला. बोल्टला फोन लावला, कोल्ड स्टोरेजमधलं चाकांवरचं गार हवेचं मशीन घेऊन ये म्हणाला. रुग्णवाहिका बोलावली. मग ओल्या चादरी, पंखा, काखेत बर्फ. एकोणतीस. एकतीस. तिचे गाल आता खरोखरच लाल होते. ती आधी म्हणाली, घाई करू नका, सांडाल. मग म्हणाली, वीस थर लावलेत, कात्री द्या. मग तिचे शब्द एकमेकांत अडकले. रुग्णवाहिका आली तेव्हा तिच्या अंगात एकोणचाळीसच्या वर होतं. बोल्ट पाठोपाठ पोचला. उघड्या दारातून आत गेला, स्ट्रेचरमागून निघालेल्या गारठ्याच्या देखत डबीचं बटण दाबून आतले आकडे बघितले, आणि कुणाला काही न बोलता विश्रांतीच्या जागी पाच करून ठेवले.

ती वाचली. वाचली म्हणजे काय ते डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. मूत्रपिंडांना झळ बसली आहे, आणि असं पुन्हा झालं तर दवाखान्यापर्यंत आणायची तसदी घेऊ नका, एवढं स्पष्ट.

ताई पहिल्याच गाडीने आली होती. सगळं विचारून घेतलं, वेळेसकट. बोल्ट म्हणाला, एसी अठरा वर्षांचा होता, कधीतरी जाणारच होता. ताईने मान डोलावली. नोंदी ठेवणारी माणसं न्यायाला पक्की असतात. ती गारठ्याला म्हणाली की यंत्र आहे, बिघडतं, त्यावरून मी निकाल देणार नाही. नवा एसी लावा, एक जादाचा हाताशी ठेवा. केंद्रात सांगून मी खाट आणखी थोडे दिवस थांबवते.

म्हणजे दार उघडं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

ताई खाली औषधं आणायला गेली तेव्हा बायकोने डोळ्यांनी त्याला जवळ बोलावलं. आवाज अजून तुटक होता, पण धार परत आली होती. म्हणाली, ताईला काही बोलू नका. एसी जुना होता. खोटं काय त्यात, जुनाच तर होता.

त्याने तिच्या उशीची सुरकुती सारखी केली.

"मला काय कळत नव्हतं?" ती म्हणाली. "माझ्या कानापाशी ती डबी. दिवसभर टक, टक. तासाला वीस-पंचवीस तर मी मोजायचे. पहिल्या दिवशी चार होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही अभ्रा शिवत होता," ती म्हणाली.

तो उठला आणि बाहेर गेला. दवाखान्याचा जिना रुंद होता, भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग. ताई औषधांची पिशवी घेऊन वर येत होती. मधल्या वळणावर त्याने तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोन दशांशाची सूट, शून्य मिनिटं, बोल्टला मारलेली थाप, बोल्टने झाकलेला आकडा. न चुकता, न रडता, कामावर पाळी संपताना पुढच्या माणसाला सांगतात तसं.

ताई खालच्या पायरीवर, तो वरच्या. तिने बराच वेळ पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, बरं, चूक झाली, कळली. आता पाच मिनिटं लावा आणि सूटही मोठी ठेवा. तिला घरी राहायचंय, मिस्त्री. मला तिच्या मनाविरुद्ध न्यायला लावू नका.

"लावीन," तो म्हणाला. "आठ दिवस राहील तसं. मग तिचा गाल लाल दिसेल आणि मी परत शून्यावर आणीन. मी ओळखतो मला. तिला न्या, ताई."

ताईने त्याला आणखी एकदा विचारलं. त्याचं उत्तर तेच होतं.

तिला सांगायची वेळ आलीच नाही. तो खोलीत परतला आणि तिने त्याच्या चालण्यावरूनच ओळखलं. म्हणाली, मी इतकं नीट बेतलं होतं, तुम्ही सगळं उसवलंत. नंतरचे दोन दिवस ती ताईशी बोलली, नर्सशी बोलली, डॉक्टरांची टिंगल केली. त्याने भरवलेली पेज घोटघोट प्यायली. पण त्याच्याकडे बघताना डोळे मिटून घ्यायची. मान वळवता येत नसलेल्या माणसाला पाठ फिरवायची दुसरी रीत नसते.

बुधवारी सकाळी केंद्राची पांढरी गाडी आली. स्ट्रेचर आत सरकवलं, पट्टे आवळले, ताई तिच्या डोक्याशी बसली. दोनच माणसांची जागा होती आणि दुसरी नर्सची. गारठ्याने तिची कापसाची उशी आत दिली, पायांवरची चादर घोट्यांपर्यंत ओढली, मग परत थोडी खाली केली. ती डोळे मिटून होती. झोप नव्हती ती. पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

त्याने दार लावलं. गाडीचा चालक धिप्पाड आणि आवाजाने मऊ होता. रस्ता लांबचा, ऊन चढत चाललेलं. त्याने पुढच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, काका, मागचा एसी कितीवर ठेवू?

गारठ्याने गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं. आतलं काही दिसत नव्हतं, काचेत फक्त दवाखान्याची भिंत दिसत होती.

"तुम्हाला बरं वाटेल तेवढ्यावर ठेवा," तो म्हणाला.